सुरणाच्या फुलाला चढलेला ताप

२२ मे
मागच्या चौकातील कुंडीतून आज जांभळट कळी वर आली. दिवाळीच्या भाजीसाठी पाणीगेटच्या बाजारातून आणलेला अख्खा सुरण. त्याच आठवड्यात सौ. तापाने पडली, भाजी राहिली, सुरण कुंडीत पुरला. ताप उतरला, पण तिच्या नाकाला वास येणे बंद झाले ते अजून बंदच. दूध नासले की नाही, हे रोज मी हुंगून सांगतो.

२६ मे, सायं.
सकाळपासून मेलेल्या उंदराची दुर्गंधी. कपाटे सरकवली, कोठीमागे बॅटरी मारली. शेजारच्या जयाबेन नाकाला पदर लावून आल्या. "मोरेभाई, तमारे त्यां उंदर मर्यो लागे छे." शेवटी माश्यांच्या मागे गेलो. दुर्गंधी फुलाची! परातीएवढे उमललेले, मधोमध सुरकुतलेला जांभळा गोळा. सौ. तिथेच कपडे वाळत घालत होती. तिला पत्ता नाही.

जयाबेनच्या मुलीला पाहायला आज पाहुणे. फूल काढून टाकण्याचे त्यांच्याकडे कबूल केले. मागणी रास्त.

फावडे घेऊन गेलो. गोळा धरला आणि हात मागे घेतला. कुंडी गार, बाहेरची पाकळी गार, आणि हा तापकऱ्याच्या कपाळासारखा. थर्मामीटर लावला, धड टेकेना, म्हणून आकडा लिहीत नाही. ऊब मात्र निःसंशय. मोबाइलवर वाचले: वास दूर पोचावा म्हणून हे फूल स्वतःला तापवते. रक्त नाही, हृदय नाही, आणि तरीही...

सौ.ला हाक मारली. तिने तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. मग वाकली.
"काहीतरी आहे," म्हणाली. मी तोंड उघडणार तोच, "तुम्ही काही सांगू नका हो. मग मला येतोय की तुम्ही सांगताय, ते कळणार नाही."

जयाबेनकडे जाऊन सर्व सांगितले. त्या म्हणाल्या, "रहेवा दो. म्हेमानने कही दईश, मराठीओ झींगा रांधे छे."
म्हणजे पाहुण्यांना आमच्या झिंग्यांचा वास म्हणून सांगणार! आम्ही शाकाहारी. हरकत घेतली नाही.

२७ मे, सकाळ
गोळा थंड. दुर्गंधी पूर्ण गेली. मुद्दाम काही बोललो नाही. सौ. कुंडीवर वाकली. "काल होतं ते आज नाही."

माश्याही नव्हत्या, आणि ते तिलाही दिसत होते. पुरावा म्हणून अपुरे.

आत्ता ती स्वयंपाकघरात डोळे मिटून हिंगाच्या डबीवर वाकली आहे. मी बाहेर बसून हे लिहितो आहे. विचारणार नाही.