एकसष्ट ओव्यांचं कुलूप

४ मार्च २००७

पेपरात बातमी! शहरातल्या एका संस्थेनं जात्यावरच्या ओव्यांच्या जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवल्या. म्हणजे आमची द्वारकाही तिथं आहे. सत्याण्णव साली तिथल्याच दोन बाया येऊन तिच्या ओव्या टेप करून गेल्या होत्या. मला म्हणाल्या, गुरुजी, पुरुषमाणूस समोर असलं की बाया गात नाहीत. दिवसभर मारुतीच्या पारावर बसलो.

ती जाऊन तीन वर्षं झाली. घरात तिचा फोटो आहे, लुगडी आहेत. आवाज नाही. आताशा तो आठवतही नाही — हे कोणाला सांगणार?

५ मार्च

झोप नाही. तिची एक ओळ आठवते. ‘कोमट झालं जातं, माझा हात गं गार —’ पुढची नाही. कारण पुढची मी ऐकलीच नव्हती. कवितेचं पुस्तक मिटून म्हणालो होतो, मात्रा चुकली. वर्गातल्या चाळीस पोरांना डोलत डोलत कविता शिकवणारा मी! ती हसली. मग मी घरात असताना कधी गायली नाही.

९ मार्च

हिंगोलीला गेलो. बद्रुद्दीनच्या कामरानचं इंटरनेटचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. साइट उघडली, पण आत जायला पासवर्ड हवा, आणि त्यासाठी फॉर्म.

“गुर्जी, कॉलेज कोनतं टाकू?”

“जिल्हा परिषद शाळा, पुसेगाव.”

“व्हय, लई मोठी युनिव्हर्सिटी हाय! अन् संशोधनाचा विषय?”

“बायकोचा आवाज,” म्हणालो.

हसायला लागला होता, थांबला. “लोकगीतं टाकतो गुर्जी.” पैसे घेतले नाहीत.

२ एप्रिल

नकार आला. फक्त संशोधकांसाठी.

११ एप्रिल

ग्यानबाची दीपमाला नांदेडला एम.ए. करते, तिच्याकडे पासवर्ड आहे! सुट्टीला आली तशी तिला घेऊन कामरानकडे गेलो.

आमच्या गावचं पान उघडलं. सहा बाया. सिंधूबाईची ओवी लागली — पंचाऐंशीची म्हातारी, आता अंथरुणाला खिळलेली, आणि तिथं खणखणीत! कामरानसुद्धा ऐकत उभा राहिला.

मग द्वारकाचं नाव. ओव्या एकसष्ट. दोन तास दहा मिनिटं.

एकसष्ट! एवढ्या कधी रचल्या तिनं? चाळीस वर्षं एका घरात राहून मला धड एक येत नाही.

दीपमालानं तिथं दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं.

“गुर्जी, हिला येगळं कुलूप हाय. बाकी पाचीला न्हाई.”

“काहून?”

“ते लिहून न्हाई. मी संस्थेच्या मोठ्या बाईंना अर्ज करते. तुमी तकलीफ करून घेऊ नका.”

कशी घेऊ नको? जातं आमचं, बाई आमची, घर आमचं — आणि कुलूप यांचं! एस.टी.त सगळा रस्ता मनात भांडत आलो.

३० एप्रिल

उत्तर नाही. संस्थेला स्वतः पत्र लिहिलं. शब्द जरा कडक झाले. होऊ देत. पोस्टात टाकलं.

१७ मे

आज पुन्हा प्रयत्न केला. डोळे मिटून ती हाक कशी मारायची ते आठवत बसलो. ‘अवो’ ऐकू आलं, पण ते शेजारच्या बाईच्या आवाजात. भ्यालो.

२६ मे

संस्थेचं पत्र आलं. कुलूप त्यांनी घातलेलं नाही. टेपेच्या सुरुवातीलाच द्वारकानं घातलेली अट तिच्याच शब्दांत उतरवून पाठवली आहे — ‘साऱ्या गावाला ऐकवा माय. आमच्या गुर्जीला तेवढं ऐकवू नका.’

वारसाच्या सहीनं अट उठते, असंही लिहिलंय. सोबत कागद जोडलाय.

सही केली नाही.