ओमच्या पाठीवरचे दहा थेंब

२० जानेवारी २०२५, सोमवार

ओम झोपलाय. ओठांची सूज उतरलीय. डाव्या डोळ्याखाली अजून सूज आहे, पण डोळा उघडतो. आज शाळेत रजा टाकली. नववीचं विज्ञानाचं प्रात्यक्षिक राहिलं. राहू दे.

कालचं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

काल ओमचं बोरन्हाण केलं. गेल्या संक्रांतीला तो तापानं पडला होता, म्हणून यंदा सगळी हौस. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने — मुकुट, हार, बाजूबंद, हातात बासरी. विकतचे नाहीत, मी केलेले! हलवासुद्धा घरचा. पंधरा दिवस शाळेतून आलं की मंद शेगडीवर परात ठेवून बसायचं. चमचाभर पाक घालायचा, बोटांनी फिरवायचं, परत पाक, परत फिरवायचं. बोटं पोळली. पण काटा असा सुरेख आला की शेजारच्या विजयाकाकू म्हणाल्या, शेवगावात कशाला राहतेस, पुण्याला दुकान टाक.

बारा बायका आल्या होत्या, त्यांची पोरं वेगळी. ओमला पाटावर बसवलं आणि आत्यांनी डोक्यावरून ओतलं — बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि भुईमुगाच्या शेंगा! (सासूबाईंना आमच्याकडे सगळ्या सुना आत्याच म्हणतात.) शेंगा नकोत असं मी तीनदा सांगितलं होतं. ओमला आजवर मी शेंगदाण्याचा कणही दिलेला नाही. मोबाईलवर काय काय वाचलंय मी त्याबद्दल. आत्यांचं एकच — "शेंगांबिगर कुठं बोरन्हाण असतंय व्हय?"

पोरं गोळा करायला तुटून पडली. ओम मात्र गळ्यातला हार तोंडात घालून चोखत बसला. सगळ्या हसत होत्या. दहा मिनिटं झाली असतील-नसतील, तो खोकायला लागला. मग मानेवर गांधी, पोटावर गांधी. ओठ एवढे सुजले की माझं पोर मलाच ओळखू येईना. ओकला. विजयाकाकूंच्या मुलानं गाडी काढली म्हणून बरं. डॉक्टरांनी बघताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं. हळूहळू श्वास ताळ्यावर आला. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

घरातून निघताना, ओम माझ्या कडेवर गुदमरत असताना, मी त्या बाराजणींसमोर आत्यांना म्हटलं, "शेंगा घालू नका म्हटलं होतं ना मी? बघा आता काय केलंत ते."

 

२१ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "अंदाज नकोत. नगरला लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीच्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडून तपासून घ्या." मी म्हटलं, शेंगदाणाच आहे. ते म्हणाले, "असेल. पण तपासा."

वेळ मिळाली ३ फेब्रुवारीची. फोनवरच्या मुलीनं बजावलं, खाजेचं आणि सर्दीचं औषध आठ दिवस आधीपासून बंद ठेवा, नाहीतर पाठीवर काही उठायचंच नाही.

दाण्याच्या कुटाचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. आदिनाथ, माझा नवरा, साखर कारखान्यातून जेवायला आला. गळीत हंगाम चालू आहे, त्याला सुट्टीचं नाव काढता येत नाही. ताटाकडे बघून म्हणाला, "कुटाशिवाय वांगं? नगर जिल्ह्यात?" मी बघितलं तसा गप जेवला.

२३ जानेवारी

आत्यांनी ओमची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या आणि म्हणाल्या, "बघ कशा तडतडल्यात. लई नजर लागली हुती लेकराला."

मोहरी निखाऱ्यावर टाकली की तडतडतेच. तोंडावर आलं होतं, गिळलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले. आठवडा झाला, आत्यांशी कामापुरतंच बोलते. ओम एकदा माझ्या तोंडाकडे बघतो, एकदा त्यांच्या.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्या नगर. आदिनाथला जमणार नाही. आत्या आपणहून म्हणाल्या, "मी येते. त्याला धरायला कुणी पायजे." नको म्हणणार होते, पण खरंच दोन हात कमी पडतील.

आज घरी होते म्हणून एक गंमत दिसली. दुपारी चारच्या सुमारास ओम आत्यांसमोर जाऊन उभा राहिला आणि नुसता तळहात पसरला. बोलला काहीच नाही. आत्यांनी तोंड फिरवलं आणि उगाच दळण निवडत बसल्या. तो तसाच उभा. शेवटी मी बिस्किट दिलं तर ते फेकून रडला. काय हवं होतं कुणास ठाऊक.

भीती वाटतेय. एवढ्याशा पाठीत सुया टोचणार. आणि टोचून सगळ्याचंच निघालं तर? दूध, गहू, सगळंच? मग काय घालू मी त्याला खायला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

काल घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. लिहायचं त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

डॉक्टरबाई माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी ओमचा शर्ट काढला, निळ्या पेनानं पाठीवर एक ते दहा आकडे घातले आणि प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब सोडला. दूध, अंडं, गहू असं एकेक. दहावा थेंब नुसता पडताळ्याला, तो सगळ्यांनाच खाजतो म्हणे. मग प्रत्येक थेंबातून बारीक टोचणी. सुई नव्हतीच ती, प्लॅस्टिकचं टोक. रक्तसुद्धा आलं नाही. तरी ओमनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. विज्ञान शिकवते मी! बेडूक कापून दाखवलेत पोरांना.

वीस मिनिटं हात लावू द्यायचा नव्हता. आत्यांनी त्याला पालथा मांडीवर घेतला, दोन्ही मुठी आपल्या हातात धरल्या आणि कानाशी सुरू केलं — "हलू न्हाई राजा. पाठीवर मुंग्यांची साळा भरलीय. हललास की मास्तर हजेरी घेतो. बघ, एक मुंगी उशिरा आली, तिला मास्तरनं भाईर उभं केलं..." हुंदके देत देत तो ऐकत होता. वीस मिनिटं ती शाळा चालली. मला नसतं जमलं हे.

सातवा आकडा फुगत होता. चांगला रुपयाएवढा, भोवती लाल. चौथ्यावरही एक बारीक गाठ. पडताळ्याचा दहावा उठणारच होता, तो उठला. बाकी पाठ साफ.

"सात म्हणजे तीळ," डॉक्टरबाई मोजपट्टी लावत म्हणाल्या. "चार शेंगदाणा. तो जेमतेम आहे."

मी म्हटलं, "तीळ कसा असेल? त्या दिवशी शेंगदाणा होता. तिळगूळ तर मी त्याला देतच नाही, घशात अडकतो."

"बोरन्हाण होतं ना? हलव्याचे दागिने घातले होते?"

"हो, पण हलवा म्हणजे साखरच की..."

 पंधरा दिवस माझ्याच बोटांनी एकेका तिळावर साखर चढवली होती मी. मूठमूठ तीळ निवडून घेतले होते. आणि दागिने तयार झाल्यावर त्यांच्या आत तीळ आहे हे मला एकदाही आठवलं नाही. तोच हार तो चोखत बसला होता आणि मी फोटो काढत होते!

आत्या हळूच म्हणाल्या, "भोगीला बी ओकला हुता. तीळ लावलेल्या भाकरीचा तुकडा दिल्ता मी. मला वाटलं बाजरी बाधली." मला हे माहीतसुद्धा नव्हतं. मी शाळेत होते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेंगदाणा याआधी कधी खाल्लाय?"

"कधीच नाही," मी म्हटलं. अभिमानानंच म्हटलं.

"मग सध्या दोन्ही बंद ठेवू. तीळ आणि शेंगदाणा." त्या लिहायला लागल्या.

आत्या ओमच्या शर्टाची बटणं लावत होत्या. एका बटणावर हात थांबला.

"बाई, ते लिवू नका. खातोय त्यो."

"काय खातो?"

"दानं. ही साळंत गेली की रोज चारला. कुट अन् गूळ, चिमूटभर, माझ्या हातानं. दसऱ्यापासनं देते. कदी कायसुदिक झालं न्हाई त्याला. हिनं डबा बांधून ठिवला तवापासनं न्हाई दिलं, देवाशपत." बोलताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तळहात! मला तो पसरलेला तळहात आठवला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "आजी, चोरून द्यायला नको होतं. पण आत्ता सांगितलंत हे फार चांगलं केलंत. पाठीवर गाठ आली म्हणजे अ‍ॅलर्जी असतेच असं नाही. पोटात जाऊन मानवतंय, ते जास्त खरं. उलट मानवणारी गोष्ट उगाच तोडली तर पुढे खरोखरच त्रास सुरू होऊ शकतो." मग त्यांनी आपल्यासमोरच शेंगदाणा खाऊ घालून बघायचं ठरवलं. आधी चमच्याच्या टोकाएवढी पेस्ट, मग थोडी जास्त, मग आणखी. दीड तास बसवून ठेवलं. काही झालं नाही. पहिलंच बोट चाटून ओमनं आत्यांसमोर तळहात पसरला.

येताना एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत होती. ओम आम्हा दोघींच्या मांड्यांवर आडवा झोपला, डोकं त्यांच्याकडे, पाय माझ्याकडे. मला राग आला होता, अजूनही आहे. इतके महिने चोरून! काही झालं असतं म्हणजे? आणि त्या काल बोलल्या नसत्या तर पोराचा चांगला घास मी स्वतःच तोडला असता, हेही तितकंच खरं. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. वर बोलणी मात्र मी त्यांना खायला लावली होती, बाराजणींसमोर.

करंजी घाटात त्या एवढंच म्हणाल्या, "थंड वारं येतंय, खिडकी लाव." हलव्याचा शब्द काढला नाही.

५ फेब्रुवारी

दागिने मोडून घंटागाडीत टाकले. आत्यांनी परात, कढई, पोळपाट राखेनं तीन-तीनदा घासलं. कुटाचा डबा माळ्यावरून खाली आला.

आदिनाथनं विचारलं, "पण तीळ आला कुठून?"

मी म्हटलं, "बोरन्हाणात असतोच कशात तरी."

आत्या तिथेच भाकरी थापत होत्या. ऐकलं त्यांनी. मान वर केली नाही.

लाज वाटतेय. उद्या सांगते त्याला.

६ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा कागद स्वयंपाकघरात चिकटवलाय. काय द्यायचं नाही, त्रास झाला तर आधी काय करायचं, कुठे धावायचं. आत्यांना वाचता येत नाही. दुपारी म्हणाल्या, "मला वाचून दाव." दोनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांनीच मला म्हणून दाखवला — रेवडी, चिक्की, गजक, तिळाची चटणी, तिळाचं तेल, वरून तीळ लावलेला बेकरीचा पाव, हलवा. एकही चुकलं नाही. 'हलवा' अगदी शेवटी आणि पटकन म्हणाल्या. माझ्या वर्गातल्या हुशार मुलीसुद्धा इतक्या लवकर पाठ करत नाहीत. मी तसं म्हटलं तर लाजल्या.

पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकत्र चहा प्यायलो. सॉरी म्हणायचं होतं. चहा संपला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विजयाकाकू आल्या. दारातच आवाज खाली करून म्हणाल्या, "मोनिका, सासूवर आता राग धरू नकोस गं. बिचाऱ्या ओमला कडेवर घेऊन घरोघर सांगत फिरल्या, याला कुणी तीळ देऊ नका म्हणून. आणि पुढं म्हणतात, मोनिका नको नको म्हणत हुती, माझ्याच हातनं झालं सगळं."

बाराही घरी सांगून झालंय त्यांचं.

आत्या आत ओमला भरवत होत्या. मी काकूंना बसवलं आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "काकू, तीळ त्या हलव्यात होता. हलवा मी केला होता. त्यांचा काही दोष नाही."

आत वाटी-चमच्याचा आवाज थांबला. उरलेल्या अकरा घरी आज दुपारी मी जाणार आहे. आत्यांना बरोबर घेऊन.