आईचा हो-नाहीचा डबा

बाबा, तुम्ही लाल ठिपका मारून भंगारात टाकला असता असा एक बोर्ड मी या आठवड्यात दुरुस्त केला आणि हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी आईला अर्धांगाचा झटका आला. तिला कळतं सगळं, पण बोलता येत नाही. मान हलवते, तर हो आणि नाही सारखंच दिसतं. कागदावर बोट ठेवते, तर हात थरथरतो आणि ज्याला जे हवं ते तो वाचतो. म्हणून मी तिला डबा करून दिला. वर चार मोठी बटणं: हो, नाही, पाणी, इकडे ये. आत बोटभर मायक्रोकंट्रोलर बोर्ड, तो यूएसबीच्या वायरीने जुन्या लॅपटॉपला जोडलेला. बटण जोर लावून दाबलं की लॅपटॉप माझ्या आवाजात बोलतो. तिथे कुणाला वाद घालता येत नाही.

गेल्या रविवारी धाकटा नागपूरहून आला. आईच्या पलंगाशी उभा राहून मला म्हणाला, "ताई, आता आईला मी घेऊन जातो. तू अकेली कब तक करेगी? तिची पण तीच इच्छा आहे." तिची इच्छा! आईने रागाने डबा मांडीवर ओढला, वायर पलंगाच्या दांडीत अडकलेली होती, हिसका बसला आणि बोर्डावरचं यूएसबी सॉकेट मुळासकट उखडलं. खालच्या तांब्याच्या दोन बारीक पट्ट्याही सोबत निघाल्या. "फेक ना यार, नया मंगवा लेंगे," तो म्हणाला. नवा यायला आठवडा, आणि हा शनिवारी गाडी घेऊन हजर होणार. मग आई नाही म्हणणार कशी?

तो बोलत होता आणि मला तुम्ही ऐकू येत होतात. बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या फळीवर तुमची लाल रंगाची डबी असायची. कारखान्यात तुम्ही इन्स्पेक्शनला, खोट दिसली की त्या नगावर लाल ठिपका, आणि ठिपका पडला की त्याला कुणी हात लावायचा नाही. मी दहावीत असताना आईच्या मिक्सरची तुटलेली वायर आतून जोडली. तो चालत होता, बाबा. आईने त्यात चटणीही वाटली होती. तुम्ही संध्याकाळी आलात, पाठ उघडून माझा जोड पाहिलात आणि ठिपका मारलात. "सांधलेल्या मालाचा भरवसा नसतो. आणि तुझ्या आईला हे असलं नकोच असतं." आई तिथेच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. पुढे कितीतरी महिने ती पाट्यावर वाटत राहिली. कारखान्यात तुमचं बरोबर असेल, तिथे एका तड्याने माणूस मरतो. पण आपलं घर म्हणजे काय तुमचं डिपार्टमेंट होतं?

म्हणून मी हट्टाला पेटले. बाग सेवनियाच्या या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर, भर दुपारी. जुनं सोल्डर वितळवून साफ केलं, नवं सॉकेट बसवलं, त्याचे पत्र्याचे कान सोल्डरने बोर्डाला घट्ट केले. उखडलेल्या पट्ट्यांच्या जागी जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली केसाएवढी तार. लॅपटॉपला लावलं, दिवा लागला, पण लॅपटॉप बोर्डाला ओळखेना. अर्धा तास मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग भिंगातून पाहिलं, तर डेटाच्या दोन तारांची अदलाबदल केली होती मी. काढल्या, बदलल्या, आणि चाललं. पाहा बाबा, म्हटलं, सांधलेलं आहे, ओबडधोबड आहे, आणि बोलतंय.

शनिवारी धाकटा आला. मी त्याला चहासुद्धा न देता म्हणाले, "बैस. इच्छा तिला विचारू." डबा आईपुढे ठेवला. "आई, तुला याच्याबरोबर नागपूरला जायचंय?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग तळहाताने बटण दाबलं आणि माझाच आवाज खोलीत म्हणाला, "हो." धाकटाही दचकला. मी म्हटलं, "थांब, काहीतरी गडबड आहे," आणि डबा उचलून त्यातल्या तारा तपासायला लागले. आईने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि पुन्हा दाबलं. हो. मग हळूच दुसरं दाबलं. इकडे ये. मी जवळ गेले तर तिने माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

ती आज सकाळी गेली, डबा आणि लॅपटॉप घेऊन. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तारांमध्ये काही बिघाड नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही मी शोधत होते, बाबा, आणि सापडावा असं मला मनापासून वाटत होतं.