टोबी प्रुइटच्या हाताची लांबी

प्रिय वेंडेल,

तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना ओपल आत्याचे तोंडभरून आशीर्वाद. मी ठीक आहे. डावा गुडघा ठीक नाही, पण त्याची तक्रार ऐकून घ्यायला हल्ली गावात कोणाला फुरसत नाही, कारण सगळं टॅलो बेंड एप्रिलमधल्या निवडीकडे डोळे लावून बसलंय. तुझा बाप रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो ना? (घेत नसणार. लहानपणी तो गोळी जिभेखाली दडवायचा आणि कुत्र्याच्या भांड्यात टाकायचा. कुत्रा मात्र शेवटपर्यंत ठणठणीत होता.) तुझ्या बायकोला सांग, तिने पाठवलेला केक पोचला. चवीबद्दल समक्ष बोलू.

तू लिहितोस की व्यावसायिक फुटबॉल संघ पोरं निवडायला बसतील तेव्हा आमच्या हॅरो क्रीक कॉलेजातली कोणती पोरं घेण्याजोगी आहेत, ते 'आतून' कळव. वेंडेल, तुझा संघ तुला पगार देतो, गाडी देतो, गळ्यात अडकवायला स्टॉपवॉच देतो, आणि तू विचारतोस कोणाला, तर आत्याला! पण विचारलंस ते बरं केलंस. खेळाडू पारखणारे लोक गावात शिरले की आमचं गाव एका सुरात बोलायला लागतं. न्हावी, पोस्टातली बाई, पाद्री गॅडी, सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: गुणी पोरगा हो, देवाला भिणारा, आईला जपणारा. गेल्या वर्षी असंच एकाबद्दल सांगत होते, आणि त्याच वेळी तो गुणी पोरगा शेरीफच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घुसवलेली गाडी बाहेर काढत होता. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी तुझे लंगोट बदललेत.

तर आधी ब्रॅक्स्टन, चेंडू फेकणारा. हात सोन्याचा आहे, पण पंजा लहान. पंजा मोजतात हे त्याच्या आईला कळल्यापासून ती रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्याची बोटं ओढते. आता चर्चमध्ये प्रार्थनेला हात जोडा म्हटलं तरी हा बोटं फाकवून बसतो. (पाद्री गॅडींना वाटलं, पोराला काहीतरी साक्षात्कार होतोय.) केसांवर जेवढी मेहनत घेतो तेवढी डावांचे नकाशे पाठ करण्यावर घेतली तर नाव काढेल. मग क्विन्सी. हा वाऱ्यासारखा पळतो, फक्त कुठे पळायचं ते आधी सांगावं लागतं. हातात आलेला चेंडू त्याने अख्ख्या हंगामात सोडला नाही म्हणे. चर्चच्या जेवणाला मी त्याच्या हातात बटाट्याच्या सॅलडचं माझं काचेचं भांडं दिलं होतं, ते मात्र सोडलं. दोघांनाही खुशाल घ्या. गाव सहन करेल.

आता टोबी प्रुइट. तुझ्या पत्रात त्याचं नाव खाली रेघ मारून लिहिलंयस, ते मला मुळीच आवडलं नाही. डाव्या बाजूचा तो डोंगर, ज्याचं काम एवढंच की ब्रॅक्स्टनच्या अंगावर मागून कोणी धावून येऊ नये. हॉस्टेलच्या खाटा त्याच्या वजनाने मोडायला लागल्या म्हणून तो माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आला. तुझे हॉलिस आतोबा गेले त्याच वर्षी. म्हणजे त्याला माझ्याइतकं कोणी ओळखत नाही, आणि मी तुला छातीठोकपणे सांगते की तो तुमच्या कामाचा नाही. एका बैठकीत अख्खी कोंबडी खातो. चर्चमध्ये गाण्याचं तिसरं कडवं आलं की रडतो. रोज आईला फोन करतो. आणि तळ्यावरच्या हंसांना भितो. माझी टपालपेटी तळ्याकडे आहे, तर पत्रं आणायला हा गडी लांबचा वळसा घालून कुंपणावरून जातो.

हेच सगळं मी लोमॅक्सलाही सांगितलं. लोमॅक्स म्हणजे पश्चिमेकडच्या कुठल्याशा संघाचा पारखी, टोपी डोक्यावरून न काढणारा. तो मागच्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात टोबीची वर्तणूक विचारायला आला आणि आल्या आल्या माझ्या लोकरीच्या पिशवीवर बसला. मी त्याला बर्फाचा गोड चहा दिला आणि टोबीची पार लक्तरं काढली. म्हटलं, फार खातो. तो म्हणाला, "वा, म्हणजे अजून भरेल!" म्हटलं, येता जाता रडतो. "म्हणजे मन लावतो. अशी पोरं शिकवलेलं ऐकतात, बाई." म्हटलं, आईला विचारल्याशिवाय मोजेसुद्धा घेत नाही. "घर चांगलं आहे," म्हणून लिहून घेतलं. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं आणि हंसांचं सांगितलं. त्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे पावलांना जपतो." वेंडेल, तुमच्या धंद्यात माणसाला नालायक ठरवायची काही सोय ठेवलीय की नाही? जाताना तो पायरीवरून मला सांगून गेला की एवढी मनापासून केलेली शिफारस त्याने अख्ख्या राज्यात ऐकली नव्हती.

मग मी स्वयंपाकाच्या वाटेने गेले. कॉलेजच्या मैदानावर तुमचे लोक पोरांची मोजमापं घ्यायला येणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी टोबीला कोंबडीचा रस्सा आणि कणकेचे गोळे वाढले, वर कॉर्नब्रेड, वर गोडाला पीकन-पाय, आणि तो नको म्हणाला तेव्हा डोळ्याला पदर लावल्यासारखं केलं. (माझ्या ॲप्रनचा. अश्रू नव्हते.) हेतू इतकाच की सकाळी जड होईल, पळताना मागे पडेल, आणि तुमचे ते घड्याळवाले नाक मुरडून निघून जातील. मला काय ठाऊक की पोटाच्या तापाने त्याचं वजन उतरलं होतं आणि प्रशिक्षकाचा जीव त्यानेच टांगणीला लागला होता? सकाळी काटा बरोबर हवा तिथे थांबला. तो पळालाही बरा. प्रशिक्षकाने मैदानावर सगळ्यांदेखत मला मिठी मारली आणि म्हणाला, "मिस ओपल, तुम्ही आमची लाज राखलीत!" मी लाजेने लाल झाले, पण त्याला वाटलं तसल्या लाजेने नाही.

त्या दिवशी तू नव्हतास. (ओहायोत कुणाची तरी बोटं मोजत असशील.) पण तुमच्या संघाचा एक माणूस होता. त्यांनी टोबीला आखूड चड्डीवर उभं केलं, सोफा दारातून आत जाईल की नाही हे बघतात तसं सगळीकडून टेप लावून पाहिलं, आणि एकाने त्याच्या हाताची लांबी मोठ्याने वाचली तशी बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला राग आला. मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. त्याचा हात स्टूल न घेता माझ्या स्वयंपाकघरातल्या अगदी वरच्या फळीपर्यंत पोचतो. तिथे चांगल्या बशा आहेत. त्या काढायचं काम हॉलिसचं होतं. हॉलिस गेल्यावर मी त्या बशा सोडूनच दिल्या होत्या, आणि टोबी आला त्या पहिल्या रविवारी त्याने हात वर केला आणि मला न विचारता टेबलावर मांडल्या.

तेव्हा आता स्पष्टच लिहिते. त्याला घेऊ नकोस. तुमचं ते तळ्याकाठचं गाव, जिथे आमच्याकडे पीचला मोहोर येतो तेव्हा तुम्ही दारातला बर्फ फावड्याने ओढत असता, तिथे हे पोर काय करेल? त्याच्याकडे साधा कोट नाही. इथल्या शाळेला प्रशिक्षक हवाय, वरची खोली आहे, त्याने हाती घेतलेलं माझं छप्पर अर्धंच दुरुस्त झालंय. घर फार मोठं आहे, वेंडेल. मी आणि माझा गुडघा मिळून ते भरत नाही.

थकल्याभागल्या हाताने लिहिलेलं नीट वाच आणि आत्याचं ऐक. लहानपणी ऐकायचास.

तुझी,
ओपल आत्या

ता. क. सॅलडचं तसंच काचेचं भांडं तुझ्या आईकडे आहे. ते माझं आहे. तिला माहीत आहे.

ता. क. पत्र बंद करायच्या आत टोबी घरी आला. पाकीट टेबलावर उघडंच होतं आणि वर तुझं नाव. त्याने ते उचलून बाजूला ठेवलं, वाचलं नाही (आईने वाढवलंय नीट), आणि बशा पुसता पुसता म्हणाला, "कोणी नाही घेतलं तरी काय बिघडतं, मिस ओपल? तुमचं छप्पर तर पुरं होईल." मग बाहेर ओसरीवर जाऊन रोजच्यासारखा आईला फोन केला. ती कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात उभ्याने काम करते, आणि तिची बोटं आता मिटत नाहीत. खिडकी उघडी होती, आणि मी काही बहिरी नाही. तो तिला म्हणत होता, "मला कुणीही घेऊ दे, आई, कुठेही नेऊ दे. तू फक्त दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांग, आता मी कामावर येत नाही म्हणून." छपराचा शब्दही नव्हता. मी भांड्यांचा नळ सोडला, म्हणजे मला ऐकू येणार नाही, आणि बराच वेळ सोडून ठेवला. तर वर मी त्याच्याविषयी जे लिहिलंय त्यातलं फक्त कोंबडीचं खरं धर. म्हणजे सगळंच खरं आहे, पण लोमॅक्सने वाचलं तसं वाच. अख्ख्या हंगामात ब्रॅक्स्टनच्या पाठीला कोणाचं बोट लागलेलं मी पाहिलं नाही. टोबीला तूच घे. दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिलास, त्यातून त्या टोपीवाल्याच्या, तर थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या दारात पीकन-पायसाठी उभा राहू नकोस.

ता. क. आणि ज्यासाठी लिहायला बसले ते राहूनच गेलं. तुमच्या माणसाने टोबीच्या हाताची लांबी लिहून नेलीय, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. तो आकडा मला उलट टपाली कळव. त्याला विचारता येत नाही, लगेच ओळखेल. लोकर जाड घेतलीय, निळी, तुमच्या संघाच्या रंगाची. दुकानातली बाई म्हणाली याहून गरम येत नाही. पाठ आणि छाती ख्रिसमसलाच विणून झालीय. बाह्यांसाठी अडलंय.