मेरीमच्या पायातला दोरा

नारीन, १८ जून १९८४

ती. आईस सालकीनचा शि. सा. न. वि. वि.

तुझा एसेन शुद्धीवर आहे आणि इस्पितळाच्या सूपला नावं ठेवतो आहे. हे आधी वाच, मग पुढचं.

घोड्यावरून बोकड ओढायच्या खेळात घोडा अंगावर पडला, एवढंच तुम्ही ट्रकवाल्याबरोबर कळवलंत. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि त्यावर तू ताजं मेंढीचं कातडं गुंडाळलंस, हे मला इथे ते सोडवताना कळलं. आई, हाड आतल्या आत मोडलं असतं तर मी काही बोलले नसते. पण उघड्या जखमेत लोकर, माती, चरबी सगळं शिरलं. आम्ही भूल देऊन जखम धुतली, मेलेलं मांस काढलं आणि पायाभोवती लोखंडी कड्या बसवून, तारा आरपार घालून हाड धरून ठेवलं. जखम मुद्दाम शिवलेली नाही. परवा पुन्हा उघडून बघू. मोठे डॉक्टर म्हणतात, मांस काळं निघालं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. हे मीच त्याला सांगितलं. तो म्हणाला की मेरीमच्या दोऱ्याला मी धावणार कसा. मला फार भीती वाटते आहे.

रागाने लिहिलं असलं तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सालकीन


सोंग-कोल, २७ जून

चि. सालकीनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

लहानपणी तुझा हात मोडला तेव्हा असंच कातडं गुंडाळलं होतं, आणि त्याच हाताने आता तू लोकांना कापतेस. तरी तू म्हणतेस तर मान्य, उघड्या जखमेवर पुन्हा नाही. रात्री झोप येत नाही, डोळ्यांसमोर त्याचा पाय येतो.

त्याची पोरगी मेरीम तंबूच्या जाळीला धरून उभी राहते. कधीही पाऊल टाकेल. मग दोन्ही पायांत मिळून काळापांढरा दोरा बांधायचा, माणसं धावणार आणि पहिला येईल तो दोरा कापणार, त्याचीच चाल पोरीला लागणार. एसेनने ती जन्मली त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की दोरा मीच कापणार. त्याला सांग, पोर थांबेल. मी थांबवते.

चार ओळी तरी लिही.
तुझी आई


नारीन, २४ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

पाय राहिला! दुसऱ्यांदा उघडलं तर मांस लाल, बोट लावलं की रक्त येणारं. मोठे डॉक्टर हसले, मी बाहेर जाऊन रडले. मग पोटरीचा एक स्नायू वळवून हाडावर झाकण घातलं आणि वर मांडीची कातडी लावली. एसेन विचारतो, आता नडगीवर मांडीचे केस उगवतील का.

हाडाचा एक मेलेला तुकडा काढावा लागला. ती जागा भरायला वरचं हाड कापून रोज केसभर खाली सरकवायचं, मागे नवं हाड धरत जातं. कड्यांचे नट तो स्वतःच फिरवतो, खोगीर आवळल्यासारखा रुबाबात. कुबड्यांवर पायही टेकतो. मधे ताप आला होता, तो उतरला. वहिनीला सांग, आता रडू नको म्हणावं.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
सालकीन


जुमगाल, ३० सप्टेंबर

चि. सालकीनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही कुरणावरून खाली आलो. मेरीमला मी दिवसभर पाठीशी बांधून ठेवते. पोरगी लाथा मारते, सूनबाई हसते, माझी कंबर गेली. पाय जमिनीला लागला की ही पळणार, हे सगळ्यांना दिसतंय.

शेजारचा शाकिर काल येऊन म्हणाला, एखादा चपळ भाचा धावू दे, लंगड्याने दोरा कापला तर पोर लंगडी चालेल. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण खरं सांगू, तेव्हापासून मनात तेच घोळतंय. एसेनला लवकर पाठव.

वाट बघणारी,
तुझी आई


नारीन, ९ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

शनिवारच्या गाडीने तो येतोय, पायात कड्या तशाच आहेत. रविवार राहून सोमवारी परत. तारांना चरबी लावायची नाही, मुमियो, ते डोंगरातलं शिलाजित, लावायचं नाही, आणि त्याला घोड्याच्या जवळही जाऊ द्यायचं नाही.

शाकिर म्हणतो ते माझ्याही कानात राहिलंय. तू ठरवशील ते खरं.

तुझी सालकीन


जुमगाल, १५ ऑक्टोबर

चि. सालकीनला अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दोरा कापला. सगळं अंगण भरलं होतं. धावायला दहाबारा जण उभे राहिले, एसेन काठी घेऊन शेवटी. इशारा झाला आणि अर्ध्या वाटेत एकाच्या बुटाचा बंद सुटला, दुसऱ्याची टोपी पडली, तिसऱ्याच्या डोळ्यात काही गेलं. शाकिर तर मांडी धरून खालीच बसला, गोळा आला म्हणे. हे कोणी ठरवलं होतं ते मला अजून सांगत नाहीत. एसेन मात्र खरंच जिवाच्या आकांताने येत होता, कड्या वाजत होत्या, घाम गळत होता. मेरीमसमोर गुडघा वाकवता येईना, म्हणून मोडलेला पाय लांब करून जमिनीवर बसला आणि दोरा कापला.

पोरगी निघाली. पाय जरा ओढत, डुलत, थेट त्याच्या अंगावर. शाकिरने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, लागू दे हीच चाल. या चालीनेच माझा मुलगा घरी आला.

एसेन आज गाडीत बसला. तू जेवत जा, आणि आमच्यावर जीव राहू दे.
तुझी आई