गाडी अजून गॅरेजमध्येच

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार जरा जास्तच वाकून केला आहे, कारण पुढचं वाचून तू रागावशील.

पत्राला उशीर झाला त्याचं कारण सांगायला लाज वाटते. मी एका गाडीच्या प्रेमात पडले आहे. हॉस्पिटलसमोरच्या शोरूममध्ये उभी असते. हॅचबॅक आहे, निळी, बुटकी, रुंद, कुस्तीला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी. आणि साधी नाही, टर्बोवाली. पाय नुसता टेकवला की अशी झेपावते की पोटात गोळा येतो. आई ड्युटी संपवून रिकामी अँब्युलन्स चालवत घरी येताना आपल्याला कोपऱ्यावरून उचलायची आणि उतारावर सोडायची, तेव्हा यायचा ना, अगदी तस्सा. अठ्ठावन्नाव्या वर्षी! ह्यांना दाखवायला नेलं, तर म्हणाले की इतक्या खाली बसता येईल, पण उठायचं कसं ते तुझ्या फिजिओथेरपीत आहे का?

आता मुख्य काम. तू जन्मभर बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलीस, म्हणून तुलाच विचारते. सेल्समनने तीन रस्ते सांगितले. एक, बँकेचं कर्ज, पाच वर्षांचं. दुसरा, कंपनीचा बिनव्याजी हप्ता, तीन वर्षांत मोकळं. तिसरा भाडेकराराचा. तीन वर्षं छोटासा हप्ता भरायचा, मग गाडी परत करायची, नाहीतर उरलेली मोठी रक्कम एकदम भरून ठेवून घ्यायची. त्यात वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधीच ठरवून द्यावं लागतं. किलोमीटर कमी तर हप्ता कमी. तिन्हीत आमची जुनी गाडी बदल्यात द्यायची आहे, त्याशिवाय सुरुवातीची रक्कम उभी राहत नाही. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं लिहून पाठवते.

अपराधी वाटतं गं. आपल्या कॉन्व्हेंट शाळेत शुक्रवारी ख्रिस्ती मुली फादरपुढे पाप कबूल करायला, कन्फेशनला जायच्या आणि पाच मिनिटांत हलक्या होऊन उड्या मारत यायच्या. आपल्याला ती सोय नव्हती, म्हणून मी तुलाच सांगत आले. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना हाताला धरून चालवते आणि आपल्या आईला भेटून दोन वर्षं होत आली. जुन्या गाडीला तुमचा डोंगराचा चढ झेपत नाही हे तुला माहीतच आहे, आणि बसने माझी कंबर धरते. नवी मात्र सहज चढेल.

लोभ आहेच. राग आला तर तोही पत्रातून कळव.

तुझी
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. त्यातला एक गुडघ्यांसाठी राखून ठेव.

रागावले नाही, हसले. आईने का हसतेस म्हणून विचारलं, तेव्हा गाडीचा भाग तेवढा वाचून दाखवला. भेटीचा वाचला नाही. तिने लगेच विचारलं की सिलेंडर किती आणि गिअर हातचे की आपोआप पडणारे. तू ते लिहिलंच नाहीस, म्हणून बाईसाहेब नाराज झाल्या. रंग काय सांगते, म्हणाल्या, मला रंगाशी काय करायचंय.

आता हिशोब. बिनव्याजी असं जगात काही नसतं. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती बिनव्याजीवाल्याला मिळत नाही, तेच त्याचं व्याज. वर प्रोसेसिंग फी. त्या मुलाला विचार, आज सगळे पैसे टेबलावर ठेवले तर किंमत किती? तो आकडा आणि हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिही, म्हणजे दिसेल. भाडेकराराचा हप्ता दिसायला गोंडस, पण तीन वर्षांनी हातात किल्ली उरत नाही. कर्ज जड वाटतं, पण शेवटचा हप्ता गेला की गाडी तुझी. आणि विमा विसरू नकोस. टर्बोवालीचा विमा साधीपेक्षा जास्त, टायर रुंद म्हणून तेही महाग. तीच गाडी टर्बोशिवाय घेतलीस तर बरंच वाचेल. पण तुला ती नको आहे, हे मी ओळखते. मग हवी तीच घे. मी लोकांना जन्मभर परवडेल तेवढंच घ्या म्हणून सांगितलं, त्यांच्यापैकी एकही माणूस मला रस्त्यात हसून भेटत नाही.

आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माणसं आवाजावरून ओळखते, तेही कधी चुकतं. परवा मला दूधवाली समजून दोन दिवस का आली नाहीस म्हणून झापलं. मी निमूट माफी मागितली. तिला दिसत नाही, मला ऐकू येत नाही, दोघींचं मिळून एक धडधाकट माणूस होतं. तेव्हा काळजी करू नकोस, सवडीने ये. क्लच प्लेट बदलून मिळाली का, असं आई विचारत होती.

लोभ ठेवला आहे तसाच आहे, त्यावर व्याज लावत नाही.

तुझी
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न सेल्समनला विचारला. त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस. सात-आठ वेळा बटणं दाबून त्याने आकडा काढला आणि हळूच म्हणाला की मॅडमच्या घरी कोणी बँकेत आहे का. बिनव्याजी तिथेच निकालात निघालं. कर्जाच्या हप्त्याने मात्र धडकी भरली. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार, पुढची तीन वर्षं तो कुठून भरू?

म्हणून भाडेकरार. किलोमीटरचे तीन टप्पे आहेत. मी बसून मांडलं: घर ते हॉस्पिटल, बाजार, रविवारी ह्यांच्या मित्रांकडे पत्ते खेळायला. सगळं सर्वांत खालच्या टप्प्यात बसलं आणि थोडे उरलेसुद्धा! हप्ता इतका खाली आला की ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. वरच्या प्रत्येक किलोमीटरला दंड आहे, पण आपण कशाला जातोय वर. शाळेत फळ्यावरचं गणित सुटल्यावर सिस्टर माझ्या वहीवर तारा चिकटवायच्या, तशी खूश आहे. हिशोबाचा कागद सोबत जोडला आहे, नजर टाक. पुढच्या शनिवारी सही.

क्लच प्लेटचं काही कळलं नाही. कुठली क्लच प्लेट? आई अँब्युलन्सच्या दिवसांत गेली का?

लोभ असू दे, आणि तपासून झाल्यावर एक तारा पाठव.

तुझी
भिंगरी


२५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

कागद तपासला. बेरीज बरोबर आहे. हॉस्पिटल आहे, बाजार आहे, मेहुण्यांचे पत्ते आहेत. आमच्या चढाचा रस्ता त्यात नाही. उरलेल्या किलोमीटरांत तू अर्ध्या वाटेपर्यंत येशील आणि तिथून पुढे दंड सुरू होईल. तुझ्या वापराला हीच योजना स्वस्त आहे. सही करायला हरकत नाही.

क्लच प्लेट माझी. गाडी चढत नाही असं तू पहिल्यांदा कळवलंस, तेव्हा आईला काय सांगावं कळेना. गाडी गॅरेजमध्ये आहे, असं सांगितलं. आता तिला नुसतं गॅरेजमध्ये सांगून भागतं का? काय बिघडलं, कोण बघतंय, उघडलं का. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारून दर महिन्याला एक नवा बिघाड घेऊन येते. रेडिएटर झाला, पंप झाला, आता क्लच प्लेट. प्रत्येकावर ती उपाय सांगते, भिंगरीला कळव म्हणते, मी हो म्हणते आणि लिहीत नाही. या वेळी हातून लिहिलं गेलं. परवा मेकॅनिक म्हणाला, आजी, त्या गाडीत आता बिघडण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझ्यावर सगळं ढकलत नाही. मी दर पत्रात सवडीने ये म्हणते, ते काही तुझी सोय बघून नव्हे. तू आलीस की आई फक्त तुझ्याशी बोलते आणि मला चहा ठेवायला उठवते. दोन वर्षं ती माझी एकटीची होती. बघ, मलाही कन्फेशनची सोय नव्हती.

पण आता ती आवाज विसरायला लागली आहे. माझा विसरते, जो ती रोज ऐकते. तुझा किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही.

लोभ असावा. नसला तरी पत्र लिहावं.

तुझी
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष वाकले तेव्हा पाठीत चमक आली, म्हणून हा कागदावरच.

तुझं पत्र हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये वाचलं. तो हिशोबाचा कागद मीच मांडला, मीच मिरवत पाठवला, आणि त्यात तुम्ही दोघी नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मुद्दाम गाळलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

शनिवारी सही करायला गेलेच नाही. जुन्या गाडीत बसले आणि निघाले. चढ लागला तसं एक विचित्र झालं. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, बंद पड. एकदा तरी वाफ काढ, म्हणजे दोन वर्षांचं माझं म्हणणं खरं ठरेल. पण ती दुसऱ्या गिअरवर म्हाताऱ्या हमालासारखी कुरकुरत सगळा चढ चढली. तापमानाचा काटासुद्धा हलला नाही. तुमच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन मी रडले, म्हणून पोचायला उशीर झाला. रस्त्यात गर्दी होती असं तुला सांगितलं, ते खोटं.

अंगणात मी गाडीतून उतरलेही नव्हते, तरी आई खुर्चीतून भिंगरी आली म्हणाली. तुला वाटलं तिने अंदाजाने म्हटलं. अंदाज नव्हता. मी इंजिन बंद करायच्या आधी म्हणाली ती.

तू आत चहा ठेवायला गेलीस (तिने उठवलंच शेवटी), तेव्हा तिने मला गाडीत पुढे बसवायला सांगितलं. काय बोलत होतात, असं तू नंतर तीनदा विचारलंस आणि मी हवापाण्याचं म्हणाले. तेही खोटं. तिने डॅशबोर्डवर पंजा ठेवला. इंजिन चालू करायला लावलं, रेस द्यायला लावलं, क्लच दाबून सोडायला लावलं. मी पेशंटच्या गुडघ्यावर हात ठेवून अंदाज घेते, तशी मान कलती करून ऐकत राहिली. मग म्हणाली की या गाडीला काही झालेलं नाही. आणि थोड्या वेळाने, कधी झालंच नव्हतं.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. तिने आधी सीटच थोपटलं, मग माझी पाठ सापडली. म्हणाली, ताईला यातलं बोलू नकोस हो. बिचारी दर महिन्याला कुठून कुठून नवा बिघाड शोधून आणते. इतक्या मेहनतीने आणते, तर मी उपाय नको का सांगायला?

सांगू नकोस म्हणाली आणि मी सांगितलं. आपल्या घरात कोणाच्याच पोटात खोटं नीट राहत नाही, हेच खरं.

परत आल्यावर शोरूममध्ये गेले. निळीत एकदा बसले, एकदा पाय टेकवला, आणि किल्ली परत केली. सेल्समनला वाटलं मी हप्त्याला घाबरले. चौथी योजना काढतो म्हणाला, वरचा टप्पा त्याच हप्त्यात बसवून देतो म्हणाला. बसवलाही असता. अडचण ती नाही, ताई. तिन्ही योजनांत जुनी गाडी बदल्यात जाते. मग मी निळीतून वर आले तर कोण आलं हे आईला कसं कळणार? माझा आवाज उद्या विसरेल, या इंजिनाचा अजून विसरलेली नाही. ते आहे तोवर मला ओळख आहे. हे मी ह्यांना सांगितलं तर ते उठून टायरमध्ये हवा भरायचा पंप शोधायला गेले.

दोन वर्षं कुठल्याच योजनेत परत मिळत नाहीत, हे मला कळतं. तू त्यावरून बोललीस तर ऐकून घेईन. शनिवारी सकाळी निघते. या वेळी चहा मी ठेवेन, तू आईजवळ बस.

लोभ वाढू दे, त्याला किलोमीटरची अट नाही.

तुझी
भिंगरी

ता. क. तिला एवढंच वाचून दाखव की गाडी दुरुस्त झाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघ. ती काय पुटपुटेल ते तुला ऐकू येणार नाही, पण हसलेली दिसेल.