अकरा नंबरची रेघ

९ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. भावाला फोन का करत नाहीस, असं इथे सगळे विचारतात. आमच्या दादाला फोनवर 'बरं' आणि 'ठेवतो' या दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, कागदावर मात्र तो ऐकत नाही, असं मी सांगते.

लॅबमध्ये सध्या एका कुपीची फार बडदास्त चालली आहे. अंगठ्याच्या पेराएवढी कुपी, पण तिच्यासाठी आमच्या प्रमुख बाईंनी सहा महिने पत्रव्यवहार केला. सशाची मोनोक्लोनल अँटिबॉडी. घाबरू नकोस, सोपं आहे. सशाच्या अंगातली एकच पेशी निवडायची आणि तिच्या नकला करकरून हे औषधासारखं पाणी बनवायचं. प्रोटीनांच्या एवढ्या गर्दीतून आपल्याला हवं ते एक हुडकायचं आणि त्यालाच चिकटायचं, एवढंच त्याचं काम. ते चिकटलं की पट्टीवर काळी रेघ उमटते. आमची जुनी बाटली म्हणजे एका जनावराच्या रक्तातली सगळी सरमिसळ होती. ती परवा संपली. तिरकी करून शेवटचा थेंब काढला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तुझी रेघ तिनेच दाखवली होती.

इंजेक्शन कुणाकुणाला द्यायचं त्याची यादी मार्चमध्ये इस्पितळाला जायची आहे. त्याआधी रुग्णांचे एकोणीसच्या एकोणीस नमुने नव्या कुपीने पुन्हा तपासा, असं बाईंनी सांगितलंय. नुसता सोपस्कार. नमुन्यांवर नावं नसतात, फक्त नंबर असतात, आणि अकरा नंबर म्हणजे तू हे मला ठाऊक असायला नको होतं. पण तीन वर्षांपूर्वी तुझ्या मांडीतला स्नायूचा तुकडा तपासायला काढला त्या दिवशी इस्पितळातून एकच डबी आली, त्याला मी काय करू! रेघ दिसल्यावर मी जिन्यात बसून तुला पत्र लिहिलं होतं. नियम मोडला, पण त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही.

वहिनीला नमस्कार, कन्येला पापा. माया आहे तेवढीच राहू दे, जास्त झाली तर उपदेश वाढतो.

तुझी,
खडू


२० जानेवारी

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू ससा आणलास हे वाचून कन्येने घरभर उड्या मारल्या. त्याचं नाव काय, असं तिने विचारलं. तो बाटलीत आहे म्हटल्यावर तिने तुझ्याशी कट्टी केली आहे. बारा वर्षांची झाली तरी अक्कल तुझ्याच वळणावर. तू लहानपणी माझ्या पेटीतले रंगीत खडू खायचीस आणि वर हात पुसून नाही म्हणायचीस.

माझं म्हणशील तर उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. त्यावर युक्ती काढली आहे. पाटी टेबलावर ठेवायची, खालच्या ओळी रंगवायच्या, मग पाटी फिरवून वरच्या ओळी उलट्या अक्षरांत काढायच्या. परवा एका दवाखान्याची पाटी अशीच केली. गिऱ्हाईक खूश. बघून बघून तुझ्या वहिनीला मात्र घेरी येते.

तू पाठवलेला रेघेचा फोटो कामाच्या टेबलासमोर चिकटवलाय तो तसाच आहे. कडा फिसकटलेल्या, मधेच पोट सुटलेलं. अशी रेघ मी काढली असती तर गिऱ्हाईकाने पाटी माझ्या डोक्यात घातली असती. पण सकाळी कामाला बसताना आधी तिच्याकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, एप्रिलमध्ये इंजेक्शन. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते टिकेल. ज्यांच्या अंगात थोडं प्रोटीन शिल्लक आहे त्यांनाच ते देतात, म्हणून मी नशीबवान. मला तेवढं पुरे आहे. ब्रश धरता आला पाहिजे, बाकी चालणं, जिने चढणं वगैरे सगळं त्यांनी ठेवून घ्यावं. एप्रिलनंतरची दोन मोठी कामं मी घेऊनसुद्धा टाकली आहेत.

जेवत जा. लोभ आहेच, तो काही तपासायला लागत नाही.

तुझा,
दादा


४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सगळे खुशाल असाल. मी मजेत आहे. घरमालकिणीच्या मांजरीला चार पिल्लं झाली. तिने ती माझ्या कपाटात, घडी घातलेल्या स्वेटरवर आणून ठेवली. आता मी कपाट उघडायचं तर तिची परवानगी लागते. मालकीणबाईंचं म्हणणं, मांजरीला माणसाचा स्वभाव कळतो. मला वाटतं, तिला फक्त लोकर कळते.

लॅबमधलं चहाचं मशीन पुन्हा बिघडलंय. कोणतंही बटण दाबलं तरी गरम पाणीच येतं, तरी आम्ही रोज बटणं बदलून बघतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी पोरगी लग्न करतेय, त्यामुळे तिचं निम्मं काम माझ्याकडे आलंय.

नव्या कुपीचं अजून नीट जमलेलं नाही. ती किती पातळ करायची, पट्टी किती वेळ भिजवायची, हे ठरायला वेळ जातो. काही पट्ट्या चांगल्या आल्या, काही कोऱ्या. नव्या वस्तूचं असंच असतं. काळजीचं काही कारण नाही.

तू ऊन लागेल असा बसत जा. वहिनीला सांग, तिने पाठवलेला रुमाल मी वापरते. जिव्हाळा कायम असू दे.

तुझी,
खडू


१२ फेब्रुवारी

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोन पानांचं, त्यातलं दीड पान मांजर आणि चहा. शिवाय अक्षर कसं, छापल्यासारखं. तुझं अक्षर एरवी कोंबडीचे पाय असतात. दहावीच्या निकालाआधी तू मला असंच सुंदर अक्षरात पत्र लिहिलं होतंस, गणितात काय झालं ते पुढे सगळ्यांना कळलं. मी तीस वर्षं अक्षरांवर पोट भरलंय गं, मला फसवू नकोस.

कोऱ्या पट्ट्यांत अकरा नंबर आहे का? एवढंच लिही. एका ओळीत लिही.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आहे.

एका ओळीत लिही म्हणालास म्हणून लिहिलं, पण तिथे थांबता येत नाही.

तुझी पट्टी कोरी आली तेव्हा मी कुपीला शिव्या घातल्या. पुन्हा केली, कोरी. तिसऱ्यांदा केली, कोरी. एकोणिसांपैकी बारांच्या रेघा ठसठशीत आल्या, सात कोरे. मग बाईंनी एक तपासणी करायला लावली. आमच्याकडे अशा पेशी असतात ज्यांच्यातून ते प्रोटीन बनवणारा जीनच काढून टाकलेला असतो. त्यांच्यात ते असूच शकत नाही. जुन्या बाटलीतलं थोडं शेजारच्या लॅबने कधीतरी उसनं नेलं होतं, ते मागून आणलं आणि त्या पेशींवर लावलं.

दादा, रेघ आली. तीच, फिसकटलेली, पोट सुटलेली.

नवी लावली तर काही नाही. चांगल्या पेशींवर मात्र तीच नवी कुपी जिथे हवी तिथे बरोबर रेघ देते. म्हणजे चूक नव्या कुपीची नाही. एकाला शोधायला दहा जण पाठवले की त्यातला कुणीतरी तेवढ्याच उंचीच्या भलत्याच माणसाला धरून आणतो, तसं जुनी बाटली करत होती. तुझ्यात तिने जे धरलं ते दुसरंच काहीतरी होतं. हवं ते तुझ्यात तेव्हाही नव्हतं. ही तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवी होती. केली नाही, कारण आमच्या आधी सगळे तीच बाटली वापरत होते आणि मला ती रेघ हवी होती.

आता इंजेक्शनचं. ते औषध म्हणजे तेच प्रोटीन तुझ्या स्नायूंना बनवायला लावणं. ज्याच्या अंगात ते थोडंतरी असतं, त्याचं शरीर ते आपलं मानतं. ज्याच्या अंगात कधीच नव्हतं, त्याचं शरीर त्याला परकं समजून त्यावर तुटून पडतं, आणि औषधाने ते हृदयाच्या स्नायूतही बनतं. म्हणून त्या सात जणांना यादीत घेत नाहीत.

बाकीच्या सहा घरी अजून कुणाला काही माहीत नाही. त्यांची बहीण इथे कामाला नाही. मला माफ कर असं लिहायचीही हिंमत होत नाही.

तुझी,
खडू


५ मार्च

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कळलं सगळं. तू चांगलं समजावतेस, मास्तरीण व्हायला हवी होतीस.

आता माझं ऐक. जुन्या कागदावर अकरा नंबरपुढे 'आहे' असं लिहिलेलं असणार. ते तसंच राहू दे. मी तुला आजवर काही मागितलं नाही, हे पहिलंच मागणं. धोका आहे म्हणतेस, तो माझा मला आहे, दुसऱ्या कुणाला नाही. तू माझ्या रोजच्या जगण्याचा हिशेब केला आहेस का? इंजेक्शनने मेलो तर महिन्यात मरेन. नाही घेतलं तर हात जाईल, मग मान, मग श्वास, आणि हे सगळं मला शुद्धीवर राहून बघायचं आहे. यातलं काय निवडायचं ते मला ठरवू दे.

तू एकदा नियम मोडलास तेव्हा हसत हसत मोडलास. मला ती रेघ दाखवलीस. मी मागायला आलो नव्हतो. आता त्या एका शब्दाला हात लावू नकोस एवढंच म्हणतोय, तर तुला नियम आठवणार का?

तुझ्या वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. ती कॅलेंडरवर एप्रिलची वाट बघते आहे.

तुझा,
दादा


१६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पाच वेळा फाडलं. आता जसं येईल तसं जाऊ दे.

नव्या तक्त्यात अकरा नंबरपुढे मी पेन्सिलने 'आहे' लिहिलं. खोटं सांगत नाही, लिहिलं. तो शब्द दोन दिवस तिथे होता, आणि महिन्याभरात त्या दोन दिवसांतच मला झोप लागली. मग आमच्या बैठकीत बाईंनी एक कागद वाचून दाखवला. दुसरीकडे कुठेतरी अशा कोऱ्या पट्टीच्या दोघांना हे इंजेक्शन दिलं गेलं होतं. दोघांचंही हृदय तीन आठवड्यांत सुजलं. एक अठ्ठावीस वर्षांचा होता, एक चाळिशीतला. शेवटच्या दिवसांत काय झालं तेही त्यात होतं, ते मी लिहिणार नाही. तू ज्याला पटकन मरणं समजतोयस ते तसं नाही, एवढं ऐक.

मी तो शब्द खोडला. मग बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, अकरा नंबर माझा भाऊ आहे हे, तीन वर्षांपूर्वीचं पत्र, पेन्सिल, सगळं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला या कामातून काढून कपाटं लावायला दिली आहेत. यादी काल गेली. तुझं नाव त्यात नाही.

मला तुला वाचवता येत नाही दादा, आणि माझ्या हाताने मारताही येत नाही. मधलं काही असतं तर मी केलं असतं रे. दुसरं औषध कुठे चालू आहे का म्हणून सगळीकडे लिहून विचारलं. कुठेही नाही.

तुझं अक्षर उताराला लागल्यासारखं खाली खाली गेलंय. आडवं पडून लिहिलंस का? मे महिन्यात सुट्टी घेऊन येते. शिव्या घाल, पण समोर बसवून घाल.

तुझ्या लोभाला पात्र नसलेली,
खडू


२ एप्रिल

चि. खडू हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं, सांगतोय मी. तिला सगळं सांगितलं. तिने कॅलेंडर काढून कपाटात ठेवलं. घेतलेली दोन्ही कामं परत केली. रंगाचे डबे पलीकडच्या पाटीवाल्याला देऊन टाकले, ब्रशही. ब्रश धुताना त्याने घाई केली, मला बघवलं नाही. फोटो काढून टाकला, भिंतीचा रंग तेवढाच उडालाय.

तू केलंस ते बरोबर केलंस. हे मी मान्य करतो, पण त्याने मला काही बरं वाटत नाही. तुझ्यावर रागही धरता येत नाही, राग धरायला अंगात जोर लागतो. कन्या विचारत होती, तीन वर्षं मग आत्या काय करत होती.

तू मेमध्ये येऊ नकोस. तू दारात दिसलीस की काही बातमी आणली असेल असं मला वाटेल, आणि तुझ्याकडे बातमी नसेल. ते मला नको. पत्र लिहीत जा. मांजरीचं लिही, तिची पिल्लं कुणाकुणाला दिली ते लिही, लॅबचं एक अक्षर लिहू नकोस.

आशीर्वाद आहेत, तेवढेच आता देता येतात.

तुझा,
दादा

ता. क. वरचं त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. हे माझं. फेब्रुवारीत ते कामाच्या टेबलापाशी पडले, तेव्हापासून उभे राहिलेले नाहीत. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते. पुढचं सगळं मला माहीत आहे, मला धीर द्यायला तुला बोलवत नाही. अंघोळीला उचलताना काल ते माझ्या हातातून निसटले. पोरगी धावत आली, तर तिच्यासमोर ते रडले. एवढं काय लिहितेस म्हणून आत्ता विचारताहेत, पत्ता लिहितेय म्हणून सांगितलं. मेपर्यंत थांबू नकोस, ये. त्यांना उचलायला आता दोन मोठी माणसं लागतात.

वहिनी